बोर्ली ते भाऊचा धक्का

दिवाळी अंक उघडला की त्यात एक तरी प्रवासवर्णन असतेच, आणि ते लिहिणारी मंडळी बहुधा मुंबईची नाही तर पुण्याची असतात. कुणी सिंगापूरला जातात, कुणी बँकॉकला, कुणी टोकियोला. पहिल्या दिवसाची हकीकत मात्र सगळ्यांची एकच. विमानतळावर कुणाची तरी बॅग चुकते, शहर पाहून डोळे दिपतात आणि संध्याकाळी वडीलधाऱ्यांपैकी कुणाला तरी वरणभाताची आठवण होते. आम्ही बोर्ली पंचतनची माणसे ही वर्णने ओसरीवर बसून आवडीने वाचत आलो. यंदा म्हटले, आपणही लिहावे. कारण आम्हीही सहकुटुंब सहपरिवार आशियातल्या एका अफाट गजबजलेल्या शहरी जाऊन आलो. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती १ कोटी २४ लाख भरली होती. तिथे जायला पासपोर्ट लागत नाही, पण आमच्या गावाहून निघायचे तर पहाटे चारला उठावे लागते. शहराचे नाव मुंबई.

हसू नका. तुम्ही मुंबईकर शनिवारी सकाळी निघून आमच्याकडे येता, दिवेआगरच्या पुळणीवर पाय भिजवता, सुवर्णगणेशाला हात जोडता, केळीच्या पानावर मोदक हाणता आणि रविवारी दुपारी ‘काय हो शांत आहे तुमच्याकडे!’ असा सुस्कारा टाकून परत फिरता. त्याच रस्त्याने उलट्या दिशेला कुणी सहलीला निघत असेल, हे तुमच्या गावीही नसते.

आमच्या मंडळीत अण्णा, म्हणजे माझे वडील, वय वर्षे ब्याऐंशी. आई शहात्तरची. मी, आमच्या सौभाग्यवती, कॉलेजात गेलेले चिरंजीव आणि आठवीतली कन्यका. दिवस जानेवारी २०२५ चे, संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. मुंबई आम्हांला अगदीच अपरिचित होती अशातला भाग नाही. आई आजवर सहा-सात वेळा मुंबईला आली होती, पण दर वेळी लग्नामुंजीला. त्यामुळे तिच्या लेखी मुंबई म्हणजे मंगल कार्यालये, आणि त्यांतली बरीचशी तळमजल्यावरची. शहर बघायला म्हणून अशी ती प्रथमच निघाली होती.

आता एक गोष्ट कबूल करून टाकतो. ही सहल नव्हती, हा कट होता.

कट माझा आणि माझ्या धाकट्या भावाचा. तो मुलुंडला असतो. परळच्या एका खोलीतून निघून अलीकडेच त्याने सतराव्या मजल्यावर मोठी जागा घेतली. आमचे ठरले ते असे : सहल म्हणून दोघांना आणायचे, चार दिवसांनी आम्ही परतायचे, आणि ‘राहा की आणखी आठ दिवस’ असे करता करता त्यांना तिथे रुळवायचे. आगराचे मग बघता येईल. दिवेआगरच्या वाटेवरची जागा आहे. तिथे लॉज बांधू पाहणारे लोक फोन करून करून आमचा जीव खातात.

का, ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात एका रात्री आईचा श्वास कोंडला. गाडी मिळवून म्हसळ्यावरून माणगावला पोचेपर्यंत दीड तास गेला. त्या दीड तासात तिचे डोके माझ्या खांद्यावर होते आणि ती मध्येच क्षीण आवाजात ‘दार लावलंस ना रे?’ असे विचारीत होती. आई बरी झाली, पण मी तेव्हापासून झोपताना गाडीवाल्याचा नंबर उशाशी ठेवू लागलो. माझी शाळेतली नोकरी अजून चार वर्षे आहे. भाऊ फोनवर म्हणाला, ‘इथं खाली इमारतीतच डॉक्टर आहे, दादा.’ त्यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

आईची फारशी काळजी नव्हती. अडचण होती ती अण्णांची. ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर चढले ते ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. आमच्या आगरात सव्वाचारशे पोफळी होत्या. अण्णा माजघरात भिंतीला टेकून बसले होते आणि बाहेर एकेक पोफळ कडाडून मोडल्याचा आवाज येत होता. संध्याकाळी उभ्या राहिल्या त्या एकोणचाळीस. पुढे सरकारने भरपाईचा दर ठरवला : नारळाला झाडामागे २५० रुपये, पोफळीला ५०. अण्णांनी तो गुणाकार एका कागदावर केला, कागदाची घडी घातली आणि पंचांगात ठेवून दिली. त्यावर ते आजतागायत बोललेले नाहीत. मात्र दुसऱ्या वर्षीच्या पावसात श्रीवर्धनच्या सुपारी संशोधन केंद्रातून त्यांनी तीनशे रोपे आणून लावली. पोफळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. लावणाऱ्याचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर होते.

अशा माणसाला शिंपण्याच्या दिवसांत आगरातून उचलून मुंबईला नेणे सोपे नव्हते. शेजाऱ्याने पाण्याची हमी घेतली तेव्हा कुठे ते तयार झाले, आणि तेही एका अटीवर. ‘मुंबईला जायचं तर बोटीनं. धक्क्यावर उतरलो तरच मुंबई. नाहीतर मग ते नुसतं एस.टी. स्टँड.’

याला कारण होते. १९६० साली, सतराव्या वर्षी, अण्णा आजोबांबरोबर प्रथम मुंबईला आले ते कोकणबोटीने. किनाऱ्यावरून पडावात बसायचे, पडाव हेलकावत बोटीपाशी जायचा आणि वर चढताना खालून कुणीतरी ढकलायचे. रात्रभर त्यांनी काय काय ओकले त्याचे वर्णन आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कोकणबोटी केव्हाच बंद पडल्या. पण मार्च २०२० पासून मांडवा ते भाऊचा धक्का अशी रो-रो बोट चालू झाली आहे, आणि दिघीहून आगरदांड्याला खाडी ओलांडायला जंगलजेटी आहेच. म्हसळा-माणगावचा सरळ रस्ता सोडून आम्ही ही पाण्याची वाट धरली.

दिघीला पोचलो तेव्हा अजून नीट फटफटले नव्हते. जंगलजेटी म्हणजे पाण्यावर तरंगणारे लोखंडी अंगणच म्हणा ना! त्यावर मोटारी, मोटारसायकली, कोंबड्यांचा एक टेम्पो आणि आम्ही असे सारे दाटीवाटीने उभे राहिलो. डाव्या हाताला जंजिरा किल्ला धुक्यातून वर येत होता. शिवाजीमहाराज आणि संभाजीमहाराज, दोघांनीही हा किल्ला घेण्याची पराकाष्ठा केली. तो अजिंक्यच राहिला. हे कन्यकेला सांगण्यासाठी मी घसा साफ केला, तोच अण्णा तिला म्हणाले, ‘मी त्या नबाबाची प्रजा बरं का! माझा जन्म जंजिरा संस्थानातला.’ खरेच होते ते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड हा सारा मुलूख सिद्दीच्या नबाबाचा. संस्थान विलीन झाले ते १९४८ साली. मग आम्ही कुलाबा जिल्ह्यात आलो आणि १९८१ साली त्याचा रायगड झाला. ‘म्हणजे आजोबा, तुम्ही एका घरात राहून तीन ठिकाणी राहिलात!’ कन्यका म्हणाली. अण्णांना हे इतके पसंत पडले की त्यांनी चंचीतून खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली.

मुरूड, काशीद मागे पडले. पुढे एका गावात पाटी दिसली आणि आई एकदम सावरून बसली. ‘अरे, बोर्ली! फिरून घरीच आलो की काय?’ वाचकहो, या किनाऱ्याला बोर्ल्या दोन आहेत. ही मुरूड तालुक्यातली, बोर्ली-मांडला. हिच्याशी घोटाळा नको म्हणूनच आमच्या बोर्लीला पंचतन हे शेपूट. आमची कितीतरी पत्रे आधी इकडे येऊन मग आम्हांला मिळालेली आहेत. अण्णा खिडकीतून त्या गावाकडे जुना भाऊबंद पाहावा तसे पाहत राहिले आणि म्हणाले, ‘यांच्याकडे पोफळी बऱ्या दिसतात.’

रेवदंडा, अलिबाग भराभर गेले, आणि साडेदहाच्या सुमारास आम्ही मांडव्याला बोटीवर चढलो. बोटीच्या पोटात मोटारींच्या रांगा, वर गार हवेची दालने. अण्णांनी गार हवेत बसायला साफ नकार दिला आणि उघड्या डेकवर रेलिंगला धरून उभे राहिले. तासाभराचा प्रवास. पाणी इतके निवांत की अण्णांची थोडीशी निराशाच झाली असावी. ओकायला मुळी वावच नव्हता.

मध्येच त्यांनी टोपी काढली. मला वाटले वाऱ्याने उडेल म्हणून. तसे नव्हते. ‘रामदास इथंच कुठंतरी बुडाली,’ ते म्हणाले. १७ जुलै १९४७, आषाढाची अवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणाला घरी निघालेली, नोकरीधंद्याची माणसे. स्वातंत्र्य महिन्यावर आले होते. अण्णा तेव्हा चार वर्षांचे. पण आमच्या सबंध किनाऱ्यावर त्यानंतर कितीतरी वर्षे बोटीला निघालेल्या माणसाला ‘पोचल्याचं कळव’ असेच सांगत. निरोप घेण्याची ती रीतच होऊन बसली. आजही आमच्याकडे एस.टी.त बसणाऱ्याला तेच सांगतात. चिरंजीवांनी फोन खिशात घातला आणि तोही आजोबांच्या शेजारी रेलिंगला येऊन उभा राहिला.

मुंबई आधी धुरकट रेघेसारखी दिसते. मग त्या रेघेला दात फुटतात. दात वाढत वाढत इमारती होतात. उत्तरेला अटल सेतू दिसत होता. तो १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला. लांबी २१.८ किलोमीटर, म्हणजे बोर्लीपासून जवळजवळ म्हसळ्यापर्यंत सलग पूल. ‘एवढा पूल बांधला, मग बोटी कशाला ठेवल्यात?’ आईने विचारले. ‘माझ्यासाठी,’ अण्णा म्हणाले.

भाऊचा धक्का ज्याच्या नावाचा, ते भाऊ म्हणजे लक्ष्मण अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात या गृहस्थाने उतारूंच्या सोयीसाठी धक्का बांधला, आणि कोकणी माणसाने साहेबाचे ‘फेरी वार्फ’ बाजूला सारून त्याचेच नाव आजवर तोंडात ठेवले. खाली उतरताच मासळीचा, बर्फाचा, डिझेलचा आणि ओल्या दोरांचा एक खमंग झोत नाकात शिरला. हातगाड्या, बर्फाचा भुगा, टोपल्या डोक्यावर घेऊन ‘बाजू! बाजू!’ ओरडणारे लोक. आमच्या सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला. अण्णा मात्र हातात पिशवी धरून मध्येच उभे राहिले, त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि समाधानाने जाहीर केले, ‘काही बदललेलं नाही.’ समोर पन्नास मजल्यांच्या इमारती उभ्या होत्या, त्या त्यांनी हिशेबात धरल्या नाहीत.

भाऊ आम्हांला घ्यायला आला होता. त्याने दिवसाचा कार्यक्रम आखून आणला होता : गेटवे, वस्तुसंग्रहालय, एअरकंडिशन दुमजली बस, मग लोकलने मुलुंड. अण्णांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, ‘आधी मशीद बंदर.’

१९६० साली आजोबा त्यांना घेऊन गेले होते ते तिथेच. आमची सुपारी ज्या पेढीवर जायची तिथे वर्षाचा हिशेब करायला. शेटजींनी सतरा वर्षांच्या अण्णांना इराण्याकडून मस्कापाव मागवून दिला होता, आणि बाहेर रस्त्यावरून ट्राम गेली होती. (मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली, अण्णा तिच्याविषयी बोलताना घरातले कुणी गेल्यासारखे बोलतात.) ती पेढी आता नाही. घाऊक मसाल्याचा बाजारही वाशीला गेला. पण गल्ल्या आहेत, आणि गल्ल्यांत अजून सुकामेवा, मसाले, सुपारीची दुकाने आहेत. क्रॉफर्ड मार्केटपाशी टॅक्सी सोडून आम्ही आत शिरलो. आत शिरलो म्हणण्यापेक्षा आम्हांला आत ढकलण्यात आले, असे म्हणणे जास्त खरे. पुढून हमाल, मागून हातगाडी, वरून एसीचे ठिबकणारे पाणी. आईने माझा दंड घट्ट धरला होता आणि ती स्वतःशी हसत होती. जत्रेतल्या पोरीसारखी. मी तेव्हा ते पाहिले, पण त्याचा अर्थ मला रात्री कळला.

एका दुकानावर पुठ्ठ्याची पाटी होती : ‘अस्सल श्रीवर्धन रोठा’.

अण्णा थांबले. पाटी त्यांनी दोनदा वाचली. मग पुढे होऊन एक सुपारी उचलली, कानाशी हलवली, अंगठ्याने बूड घासून पाहिले, आणि दुकानदाराला काही कळायच्या आत चंचीतून अडकित्ता काढून कट्‌कन फोडली. आमच्या रोठ्याची ओळख अशी की आतला गर पांढराशुभ्र असतो आणि तांबड्या रेषा नाजूक. अण्णांनी दोन्ही फोडी दुकानदाराच्या समोर गल्ल्यावर ठेवल्या.

‘ही श्रीवर्धनची नव्हे.’

दुकानदार चाळिशीचा असेल. मला वाटले, आता भांडण होते. गर्दीतले दोघेतिघे थबकलेसुद्धा. पण तो फोडींकडे न बघता अण्णांच्या बोटांकडे बघत होता. चिकाने काळी पडलेली ती बोटे त्याने ओळखली असावीत.

‘काका, तुम्ही कुठले?’

‘बोर्ली पंचतन.’

‘मग तुम्हांला खरं सांगतो. श्रीवर्धनचा माल येतो कुठं पूर्वीसारखा? वादळात गेला ना सगळा. गिऱ्हाईक नाव विचारतं, म्हणून पाटी ठेवली आहे.’ आणि त्याने अण्णांना स्टूल दिले.

अण्णा बसले. एवढ्या गर्दीत, त्या स्टुलावर, पिशवी मांडीवर घेऊन. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. बोर्लीत त्या वादळाची चौकशी करायला आलेल्या कुठल्याही साहेबाने ते इतक्या सरळ शब्दांत सांगितले नव्हते, आणि मुंबईत मशीद बंदरच्या एका गल्लीत, एका अनोळखी माणसाने त्यांच्या नसलेल्या पोफळींची जागा रिकामी पडल्याचे सांगितले. मला वाटते, हा माल कुणाला तरी हवा आहे, ही गोष्ट अण्णांना गेल्या पाच वर्षांत कुणी सांगितली नव्हती. आम्ही मुलांनी तर नाहीच.

‘तीनशे लावल्यात,’ शेवटी ते म्हणाले. ‘सत्तावीस-अठ्ठावीस साली धरतील.’

‘मग तोवर पाटी राहू दे,’ दुकानदार म्हणाला. त्याने चहा मागवला, आम्हां सगळ्यांना. जाताना त्याने स्वतःचे कार्ड दिले आणि अण्णांनी ते चंचीत, अडकित्त्याशेजारी ठेवले. माझ्या भावाने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

पुढचे सारे यथासांग झाले, ते थोडक्यात सांगतो. भर दुपारी एका खाणावळीत जेवलो. गेटवेवर फोटो काढले. वस्तुसंग्रहालय वेळेअभावी बाहेरूनच पाहिले. दुमजली बसची मात्र गंमत झाली. अण्णांच्या आठवणीतली दुमजली बस म्हणजे वरच्या मजल्यावरची पुढची खिडकी आणि तोंडावर भणाणणारा वारा. त्या जुन्या बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. आता विजेवर चालणाऱ्या, बंद काचांच्या गार बसगाड्या आहेत. आम्ही वर पुढे बसलो. सगळी मुंबई काचेपलीकडून सरकत होती, आवाजाशिवाय. अण्णांनी काच उघडते का म्हणून कडा चाचपून पाहिल्या. ‘माशासारखं वाटतं,’ ते म्हणाले. आईला मात्र फार आवडले. ‘धूळ नाही, घाम नाही. बसून राहावं.’ छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायची वेळ आली तेव्हा ती उतरायला तयार नव्हती.

लोकलचे वर्णन मुंबईकरांसमोर करणे म्हणजे लंकेत सोन्याचे वर्णन करणे. गर्दी सुरू होण्याआधीची गाडी धरली, तरी कन्यकेची एक चप्पल दादरच्या लोंढ्यात गेलीच. म्हणजे या प्रवासवर्णनातही सामान हरवण्याचा नियम पाळला गेला.

मुलुंडला पोचून सतराव्या मजल्यावर गेलो. लिफ्टमध्ये आईने डोळे मिटले आणि दार उघडल्यावर विचारले, ‘निघाली का?’ घर खरोखर छान होते. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या बाजूला लांबवर खाडी. भावजयीने आईला स्वयंपाकघर दाखवले. आईने नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. लग्न होऊन ती बोर्लीला आली ते १९६७ साली. विहिरीवर पंप बसेपर्यंत किती हंडे ओढले असतील याचा हिशेब कुठल्या पंचांगात घडी घालून ठेवलेला नाही. तो कुणी केलाच नाही. ‘गरमसुद्धा येतं,’ भावजय म्हणाली. आईने हात पाण्याखाली धरून ठेवला.

संध्याकाळी कन्यकेला घेऊन ती खाली बागेत गेली. अर्ध्या तासात परत येईल म्हटली ती दीड तासाने उगवली. खाली बाकावर म्हसळ्याची एक बाई भेटली होती आणि गुहागरची दुसरी. दोघींचे गुडघे आईसारखेच. शिवाय तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाई येता-जाता दिसल्या, त्यांनी ‘आजी, उद्या सकाळी या, बघू दम कशाने लागतो,’ असे आपण होऊन सांगितले. हे सारे सांगताना आईचा चेहरा असा काही उजळला होता की मी आणि भाऊ एकमेकांकडे पाहून मनात म्हटले, जमले! निम्मे तरी जमले.

जेवणे झाली. अण्णांना वरणभाताची आठवण होण्याचे कारण पडले नाही, कारण पानात तोच होता. रात्री दहाच्या सुमारास मी गॅलरीत गेलो तर ते खुर्चीवर बसले होते. खाली दिव्यांचा पूर चाललेला. फोन कानाला होता आणि पलीकडे आमचे शेजारी असावेत. ‘पश्चिमेच्या चार ओळी आधी. त्यांना ऊन लागतं... हो, पोचलो. बोटीनं.’ फोन ठेवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तुम्ही दोघांनी ठरवलंत काय ते मला मांडव्यालाच कळलं. सहलीला निघालेला माणूस बायकोला चार लुगडी जास्त घ्यायला सांगत नाही.’

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखी सबब मी दिवसभर जुळवून ठेवली होती : माणगावचा रस्ता, ते दीड तास. ती सांगायला तोंड उघडले, तर तेच म्हणाले, ‘माहीत आहे रे. मी तिच्या पायाशी बसलो होतो त्या रात्री. तुझं बरोबर आहे.’ थोड्या वेळाने चंची उघडून त्यांनी ते कार्ड काढले, दिव्याच्या उजेडात डोळ्यांशी धरून वाचले आणि परत ठेवले. ‘पण पोफळींना पाणी कोण घालणार?’

आत स्वयंपाकघरात भांडी आवरल्याचे आवाज येत होते. सुनांचे हसणे, मध्येच आईचे. नळ चालू होता.

‘मांडव्याची बोट किती वाजता असते?’ अण्णांनी जरा आवाज चढवून विचारले.

नळ बंद झाला. आई पदराला हात पुसत गॅलरीच्या दाराशी आली. अठ्ठावन्न वर्षांच्या संसारात अण्णा निघाले आणि ती मागे राहिली, असे मी कधी पाहिलेले नाही. ती एकदा त्यांच्याकडे पाहत राहिली, एकदा खालच्या दिव्यांकडे.

‘एकाचंच तिकीट काढ रे त्यांचं,’ ती मला म्हणाली. ‘मी राहीन इथं महिनाभर.’ आणि मग त्यांच्याकडे वळून, ‘अहो, पोचल्याचं तेवढं कळवा.’